खिडकीखालचा बाक

मित्रांनो, माझा जन्म गोंगाटातला, पण आयुष्य सगळं गेलं ते शांत जागी. मी एक जुना सिमेंटचा बाक आहे. हिंगोलीत रेल्वे स्टेशनच्या पलीकडे प्रभातनगर नावाची एक वसाहत आहे. तिथल्या मोकळ्या जागेच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली मी असतो. माझ्याकडे बघून कोणी थांबावं असं माझं रूप नाही. पाठीचा हिरवा रंग बराच उडालेला, कडा घासलेल्या, आणि पावसाळ्यात अंगावर शेवाळ चढतं ते वेगळंच. तरीही तुम्ही थोडा वेळ बसलात, तर मला काही सांगायचं आहे.

माझा जन्म वारंगा फाट्यावर झाला. तिथे मोठे रस्ते एकमेकांना मिळतात. ट्रक, एसटी, उसाच्या गाड्या यांची वर्दळ कधी थांबतच नाही. हॉटेलांच्या कढया चुरचुरत असतात आणि हॉटेलांतली पोरं गिऱ्हाइकांना हाका मारत असतात. त्या रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं शेड होतं. विहिरीची गोल कडी, खिडक्यांच्या जाळ्या, जनावरांच्या गव्हाणी आणि तुळशीवृंदावनं, असं सगळं सिमेंटचं सामान तिथे तयार व्हायचं. खेमा नावाच्या कारागिराने मला घडवलं. त्याने साच्याला आतून तेल चोपडलं, सळ्या बसवल्या, वाळू-खडी-सिमेंटचा माल ओतला आणि थापीने माझी पाठ गुळगुळीत केली. साच्यातून निघालो तरी मी लगेच कामाचा नव्हतो. ओली पोती अंगावर घेऊन मी नुसतं पाणी पीत पडलो होतो. मालकाला घाई झाली की खेमा म्हणायचा, "आता उचलू नका त्याला. पाणी पिऊ द्या पोटभर. मग हत्ती बसला तरी हालणार न्हाई."

हत्ती काही माझ्यावर बसला नाही. एके दिवशी हरिचंद गुत्तेदार आला. त्याने शहराच्या कडेला जमीन घेऊन प्लॉट पाडले होते, आणि लोकांना बसायला काहीतरी असावं असं त्याच्या मनात होतं. त्याने मला टेम्पोत चढवलं. शेजारी एक तुळशीवृंदावन होतं. रस्ताभर आम्ही एकमेकांवर आदळत हिंगोलीला पोहोचलो.

टेम्पोचं इंजिन बंद झालं आणि मला पहिल्यांदा शांतता ऐकू आली. मी घाबरलोच! चहूकडे काळी माती, तिच्यात रोवलेले पांढरे दगड, मधूनमधून एखादं नवं घर आणि माणसाच्या उंचीएवढं हे करंजाचं झाड. एवढ्या मोकळ्या जागेत माझ्यावर बसायला येणार तरी कोण, असं मला वाटलं.

पण माणसं आली. त्या वर्षांत संध्याकाळी वीज जायची. भारनियमनाची वेळ झाली की पंखे थांबायचे, टीव्ही थांबायचे आणि घराघरांतून माणसं बाहेर यायची. हातात पुठ्ठ्याचे पंखे घेऊन ती माझ्यावर दाटीवाटीने बसायची. मोंढ्यात हळदीला काय भाव निघाला, कोणाच्या पोरीला स्थळ आलं, कोणाच्या घराचा स्लॅब झाला, सगळं मला कळायचं. लहान मुलं माझ्या पाठीवर चढून उड्या मारायची. "हा बाक नसता तर आपण एकमेकांचे चेहरे विसरलो असतो," असं एकदा कोणीतरी म्हणालं. त्या रात्री मी फार सुखात होतो.

मग भारनियमन थांबलं. ते चांगलंच झालं, माझी तक्रार नाही. प्रत्येक घरात इन्व्हर्टर आला, घराभोवती उंच भिंती आल्या, लोखंडी फाटकं आली, फाटकांमागे गाड्या आल्या. माणसं घरात सुखाने बसू लागली. पुढे ती साथ आली. तेव्हा कोणीतरी माझ्याभोवती सुतळी गुंडाळून ठेवली, म्हणजे कोणी बसू नये. साथ गेली, सुतळी कुजून तुटून पडली, पण माणसं काही परत आली नाहीत. माझ्यावर करंजाची फुलं पडायची आणि तिथेच वाळायची. एक तांबडा कुत्रा दुपारचा माझ्या पोटाखाली झोपायचा. तोच माझा सोबती.

मित्रांनो, शहरातल्या शांत वसाहतीत दिवस कसा जातो ते तुम्हाला सांगतो. सकाळी दूधवाल्याची मोटारसायकल येते. मग घंटागाडी तिचं गाणं वाजवत येते. शाळेच्या गाड्या मुलांना घेऊन जातात, त्यांच्या मागून कार्यालयात जाणारी माणसं निघतात. फाटकं एकामागून एक बंद होतात. त्यानंतर दुपारभर होला पाखरांचं घुमणं, कुठल्यातरी घरातली कुकरची शिट्टी, आणि लांबून रेल्वेचा भोंगा. बस्स. ज्यांना दिवसभर कामावर धावायचं असतं, त्यांना ही शांतता गोड वाटते. पण दिवसभर घरी राहणाऱ्यांना ती कशी वाटते, हे मला पार्वतीबाईंनी शिकवलं.

पार्वतीबाई हट्टा गावच्या. सारा जन्म शेती केलेली बाई. थोरल्या मुलाकडे शेत होतं. गुडघे दुखायला लागले म्हणून धाकट्या स्वप्निलने त्यांना हिंगोलीला आणलं होतं. स्वप्निल बँकेत आणि सून प्रियंका शाळेत नोकरीला. नात आरोही दुसरीत. मुलगा-सून दोघंही मनाने चांगली. पण सकाळी निघताना रोज एकच वाक्य माझ्या कानावर पडायचं, "आई, दार आतून लावून घे, आणि कोणी आलं तरी उघडू नको." दार लागायचं आणि घर गप्प व्हायचं.

एके दिवशी घंटागाडी आली तशा पार्वतीबाई लगबगीने कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या मागे वाऱ्याने दार ओढलं गेलं आणि खट्ट आवाज झाला. ते कुलूप आपोआप लागणारं होतं. बाईंनी दार ढकलून पाहिलं, हलवून पाहिलं. मग रिकामी बादली घेऊन त्या माझ्यावर येऊन बसल्या. किती महिन्यांनी माझ्यावर माणूस बसलं होतं! पण त्यांचे डोळे भरलेले बघून मला आनंद करवेना.

समोरच्या घराच्या फाटकातून एक म्हातारी हे सगळं बघत होती. ती भिकाबाई. कळमनुरीकडच्या एका तांड्यावरून ती मुलाकडे राहायला आली होती. मुलगा संतोष एसटी डेपोत गाड्या दुरुस्त करायचा, सून संगिता दवाखान्यात कामाला. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर राहत होत्या, रोज एकमेकींना बघत होत्या, पण बोलल्या नव्हत्या. आपण गावाकडच्या, इथल्या रीती आपल्याला ठाऊक नाहीत, म्हणून दोघीही दबून होत्या.

भिकाबाई तांब्याभर पाणी घेऊन आली.

"काहून बसल्या हो बाई उन्हात?" तिने विचारलं.

"दार लागलं न्हवं! आपोआप लागतंय मेलं. किल्ली आत, मी बाहेर."

"मग फोन लावा की पोराला."

"त्यो बी आतच."

भिकाबाईने तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. "आमच्या तांड्यावर दाराला कडीच न्हाई. कुत्रं आत येऊ नये म्हणून पाटी लावतो आडवी."

पार्वतीबाई आधी रागावल्या, मग त्याही हसल्या. "आमच्या हट्ट्याला तरी कोण दार लावतं बाई? इथं आल्यापासून मी काय करून राहिले, ठाव हाय का? पंख्याकडं बघून राहिले दिवसभर."

"मी बी," भिकाबाई म्हणाली. "लेक म्हणतो, याडी, टीव्ही बघ. त्या टीव्हीतल्या बाया किती बी बोलतात, पर माझ्याशी एक बोलत न्हाई."

भिकाबाईच्या भाषेत आईला याडी म्हणतात हेही मला तेव्हा कळलं. आरोहीची शाळा सुटेपर्यंत दोघी माझ्यावर बसल्या होत्या. उन्हं सरकली तशा त्याही सरकत सरकत सावलीच्या टोकाला आल्या, आणि शेवटी एकमेकींना अगदी खेटून बसल्या.

त्या दिवसापासून संध्याकाळची त्यांची बैठक ठरून गेली. पार्वतीबाई मेथी निवडायला घेऊन यायच्या, नाहीतर तुरीच्या शेंगा सोलायला. भिकाबाई कापडावर आरसे आणि कवड्या टाकत बसायची. दोघींचे आवाज मोठे. या बांधावरून त्या बांधावर बोलण्यात जन्म गेलेला, त्या हळू कशा बोलणार? पेरणीच्या, बाळंतपणाच्या, सासवांच्या, एकदा विहिरीत पडलेल्या म्हशीच्या गोष्टी त्या सांगायच्या. हळूहळू येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबू लागल्या. प्रियंका शाळेतून आली की चहा बाहेरच आणू लागली. भिकाबाईने माझ्यावरचं शेवाळ वीट घासून काढलं. मी पुन्हा बाक झालो.

आता मला गयाबाईंबद्दल सांगायला हवं. माझ्या अगदी पाठीमागे एक घर आहे. त्याची एक खिडकी माझ्या डोक्यावर उघडते. त्या घरात वैजनाथराव आणि त्यांच्या पत्नी गयाबाई नव्यानेच राहायला आले होते. वैजनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गयाबाईंना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. मूलबाळ नव्हतं. वैजनाथराव त्यांचं सगळं एकटे करायचे. फाटक वाजू नये म्हणून त्यांनी कडीला चिंधी गुंडाळली होती. दूधवाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणून सांगितलं होतं. कबुतरं खिडकीवर बसली तर ते टाळी न वाजवता नुसता रुमाल हलवून उडवायचे. खिडकीला जाड पडदा होता आणि तो कायम ओढलेला असायचा.

एका संध्याकाळी ते बाहेर आले. म्हशीची गोष्ट अगदी रंगात आली होती. ते हात जोडून उभे राहिले.

"बाई, रागावू नका. आतमध्ये माझी बायको आजारी आहे. डॉक्टरांनी आराम सांगितलाय. तुमचा आवाज थेट तिच्या कानाशी येतो. तेवढं..."

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. दोघी झटकन उठल्या. "आमाला ठावंच न्हवतं, दादा," पार्वतीबाई म्हणाल्या. "आजारी माणसाला तकलीफ नको." मेथी अर्धीच निवडून झाली होती. ती पदरात घेऊन त्या घरी गेल्या.

वैजनाथरावांचं काही चुकलं असं कोणी म्हणालं नाही. मलाही तसं म्हणता येत नव्हतं. पुढच्या रविवारी स्वप्निल आणि संतोष आले. बाक खिडकीपासून लांब न्यावा, म्हणजे कोणालाच त्रास नको, असं दोघांनी ठरवलं होतं. आणखी दोघांना बोलावून त्यांनी मला उचललं. मी जड. मोकळ्या जागेच्या पार दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी आहे, तिच्या मागे मला टेकवताना माझा डावा पाय दगडावर आदळला आणि त्याचा मोठा टवका उडाला. मी एका बाजूला कलंडलो. समोर टाकीची भिंत. झाड नाही, रस्ता नाही, माणसाचं तोंड नाही.

दोघी एकदा तिथे येऊन गेल्या. पण टाकीमागे ओल होती, डास होते, आणि कललेल्या बाकावर बसलं की घसरायला व्हायचं. शिवाय आपलं बोलणं लोकांना त्रासाचं आहे हे मनात बसलेलं. बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या आणि आजूबाजूला बघायच्या. पुन्हा त्या आल्या नाहीत. वसाहत आधीसारखी शांत झाली. मी भिंतीकडे बघत राहिलो. वाटलं, झालं, आता पाऊस आणि पाला, दोघं मिळून मला संपवतील.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी भिकाबाई एकटीच टाकीमागे आली. माझ्या चांगल्या बाजूला जपून बसली. तिच्या हातात काम नव्हतं. ती नुसती माझ्या कडेवरून हात फिरवत होती.

तेवढ्यात वैजनाथराव तिला शोधत आले. त्यांची दाढी वाढली होती, सदरा चुरगळलेला.

"भिकाबाई, तुम्ही इथं आहात होय. घरी जाऊन आलो तुमच्या."

ती गडबडून उभी राहिली. "मी बोलत न्हवते, दादा. एकटीच बसले."

ते ऐकून वैजनाथरावांचा चेहरा कसनुसा झाला. ते माझ्यावर बसले. मी कललेलो, ते घसरले, तरी तसेच बसून राहिले.

"बाई, गया जेवेना झालीय," ते म्हणाले. "पेज घेऊन गेलो की ओठ मिटून घेते. तोंड भिंतीकडं करते. डॉक्टरला आणलं. ते म्हणाले, नवीन काही बिघडलेलं नाही, यांचं मन उतरलंय. मला समजंना की मन कशानं उतरलं. घरात तर पाखराचा आवाज नाही."

भिकाबाई पुन्हा त्यांच्या शेजारी टेकली.

"काल संध्याकाळी रस्त्यानं दोन बाया बोलत चालल्या होत्या. अनोळखी होत्या. तर गयानं मान उचलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान उचलली हो तिनं! खिडकीकडं बघत राहिली. त्या बाया लांब गेल्या, आवाज थांबला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं." त्यांनी रुमाल काढला, पण तो नुसताच हातात धरून ठेवला. "नोकरीत बदली होईल तिथं ती आठवड्याभरात सगळ्या गल्लीला ओळखायची. मला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नसायचं, तिला त्याच्या मेव्हण्याचंही ठाऊक असायचं. तुम्ही बोलत बसायच्या तेव्हा ती ऐकत होती, बाई. रोज ऐकत होती. आणि मी तेच बंद केलं."

"तुमाला काय ठावं, दादा," भिकाबाई हळूच म्हणाली. "त्यांना सांगता येत न्हाई. तुमी तर भल्यासाठीच केलं."

"तुम्ही दोघी परत याल का?"

भिकाबाईने मान खाली घातली. "मी येईन. पर पार्वतीबाई चालल्या. आज दुपारच्या गाडीनं हट्ट्याला. बॅग भरली त्यांनी. पोरगा न्हाई न्हाई म्हणून राहिला, पर त्यांचं मनच लागंना इथं."

वैजनाथराव उठले आणि तसेच निघाले. पायांत स्लिपर होती, त्यातली एक चिखलात राहिली, तरी ते थांबले नाहीत. भिकाबाई ती स्लिपर उचलून त्यांच्या मागे धावली. मला काहीच दिसत नव्हतं. मी नुसता कान देऊन होतो. फाटक वाजलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पार्वतीबाईंचा तो बांधावरून बांधावर जाणारा आवाज आला.

"अवो, रडता काहून बाईमाणसासारखे बाप्यामाणूस असून! व्हय, येते मी. आजारी माणसानं बोलावल्यावर हट्टा काय पळून चाललं का कुठं? पर तो बाक आणा आधी जागेवर. माझ्या गुडघ्याला जमिनीवर बसणं व्हत न्हाई!"

मित्रांनो, त्याच दिवशी संध्याकाळी मला परत उचलून करंजाखाली आणलं. संतोषने डेपोतून येताना थोडं सिमेंट आणलं, माझ्या पायाचा टवका भरला आणि त्यावर ओलं पोतं टाकलं. "दोन-तीन दिवस कोणी बसू नका," तो म्हणाला. तेवढे दिवस दोघींनी घरातून खुर्च्या आणल्या आणि माझ्या शेजारी मांडल्या. वैजनाथरावांनी पडदा बाजूला सारला, खिडकीची दोन्ही दारं उघडली. तेव्हा मी गयाबाईंना पहिल्यांदा पाहिलं. उशांना टेकवून बसवलेली एक बारीकशी बाई, पांढरे केस आणि डोळे मात्र जागे.

पण गंमत अशी झाली की दोघींना बोलताच येईना! कोणीतरी ऐकतंय म्हटल्यावर त्या लाजल्या. "काय गयाबाई, बरं हाय का?" असं विचारून झालं, "ऊन लई झालं" असं म्हणून झालं, आणि दोघी गप्प. आतून वैजनाथराव म्हणाले, "अहो, मोठ्यानं बोला ना. नेहमीसारखं." त्याने तर त्या आणखीच गप्प झाल्या. पहिले काही दिवस असेच गेले. तरी गयाबाई पेज घेऊ लागल्या होत्या. दोघी आल्या की त्यांची मान बरोबर खिडकीकडे वळायची.

मग एक दिवस अंबाडीची जुडी आली. पार्वतीबाई पानं खुडत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आता हिच्यात ज्वारीच्या कण्या टाकल्या की झाली भाजी."

भिकाबाईची सुई थांबली. "कण्या? अंबाडीत? कण्या काहून? तुरीची डाळ टाकावं लागती."

"डाळ टाकून काय वरण करायचं हाय का तिचं?"

"आन् कण्या टाकून काय आंबील करायची हाय का?"

"मी चाळीस माणसाला रांधलं हाय बाई, मला शिकवू नका!"

"मग त्या चाळीसांचं पोट दुखलं असंल!"

दोघींना खिडकीचा विसर पडला. आवाज चढले. रस्त्याने जाणारी प्रियंका हसत थांबली. करंजावरचे होले उडाले. आणि त्या सगळ्या गलक्यात माझ्या डोक्यावरून एक जाड, अडखळता आवाज आला.

"न्हाई."

दोघी थिजल्या. प्रियंकाच्या हातातली पिशवी खाली आली. खिडकीत गयाबाई पुढे झुकल्या होत्या. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं जात होतं, कपाळावर घाम आला होता. डावा हात गजाला घट्ट धरलेला. त्यांना अजून काहीतरी म्हणायचं होतं. ओठ जुळत होते आणि सुटत होते. शेवटी एकदाचा शब्द बाहेर पडला.

"दा...णे."

"काय म्हणल्या?" भिकाबाईने कुजबुजत विचारलं.

"दाणे म्हणल्या," पार्वतीबाई म्हणाल्या. "शेंगदाणे टाकावं म्हणतात अंबाडीत."

आतून वैजनाथराव धावत आले. हातात पळी तशीच होती. ते बायकोकडे बघत होते आणि तिने पुन्हा म्हणावं अशी वाट बघत होते. गयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दोघींकडे बघत होत्या, कारण वाद अजून मिटला नव्हता.

"दाणे?" पार्वतीबाईंनी डोळे पुसले आणि कंबरेवर हात ठेवले. "गयाबाई, दाणे टाकलेली अंबाडी आमच्यात कोणी तोंडात घेणार न्हाई, सांगून ठेवते!"

आणि गयाबाई हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण आवाज काढून हसल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर तीन वाट्या मांडल्या होत्या. एकीत कण्यांची भाजी, एकीत डाळीची, आणि तिसरीत वैजनाथरावांनी स्वतः केलेली, थोडी करपलेली, दाणे घातलेली. गयाबाईंनी खिडकीतून तिन्ही चाखल्या. बोट कोणत्या वाटीकडे दाखवलं ते मी सांगणार नाही. त्यावरून अजून भांडण चालू आहे.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. गयाबाईंची उजवी बाजू तशीच आहे. शब्दही थोडेच आले आहेत, आणि बहुतेक सगळे विरोध करायला लागणारे आहेत. पण आता हवा बरी असली की वैजनाथराव त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणतात आणि खुर्ची माझ्या कडेला लावतात. फाटकाच्या कडीची चिंधी काढून टाकली आहे. पार्वतीबाई सणाला हट्ट्याला जातात आणि परत येतात. वसाहत अजून शांतच आहे. दुपारी होले घुमतात, कुकर वाजतो, रेल्वे भोंगा देऊन जाते. पण त्या शांततेची आता मला भीती वाटत नाही. संध्याकाळ होणार आहे, एवढं मला पक्कं ठाऊक असतं.

मित्रांनो, तुमच्या घराजवळही माझ्यासारखा एखादा बाक असेल, नाहीतर ओटा, पार किंवा नुसती पायरी. त्याच्यावर पाला साठला असेल तर झाडून टाका. कुठे टवका उडाला असेल तर वेळेवर भरून घ्या, आम्हाला फार काही लागत नाही. पण तेवढं करून निघून जाऊ नका. जरा बसा. शेजारच्यालाही हाक मारा. आणि बोलताना अगदीच दबक्या आवाजात बोलू नका. एखाद्या पडद्याआड कोणीतरी तुमची वाट बघत असेल.